गयाची विहीर

आमच्या वस्तीत अजूनही कुणी वाढवून-चढवून काही सांगू लागलं की ऐकणारा हात झटकतो आणि म्हणतो, "जाऊ दे बे, ही तं गयाची विहीर झाली." आताच्या पोरांना गया कोण हेही माहीत नाही. त्यांना ती म्हण वाटते, पणज्या-आज्यांपासून चालत आलेली. ती म्हण नाही. गया माझी माय होती. ते बोल कुठल्या बसमध्ये, कुणाच्या तोंडून पहिल्यांदा निघाले हे मला ठाऊक आहे, आणि जेव्हा जेव्हा ते कानावर पडले तेव्हा माझं डोकं फिरलेलं आहे. एकदा तर मी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला त्यापायी बाहेर काढलं. जुनं ऑइल इंजिन घ्यायला आला होता, सौदा जमत आला होता, आणि हसत हसत म्हणाला, "शेठ, इंजिन खरंच इतकं चाललं नाही का गयाची विहीर हाय?" मी त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. त्याचा काही दोष नव्हता. पण दोष कुणाचा, हे सांगायचं म्हटलं तर सगळंच सांगावं लागतं, आणि ते मी आजवर टाळलं.

आमचं गाव रिठदपासून दोन कोसांवर. घर दोन खणांचं, कुडाच्या भिंतीचं. एका बाजूला माय, बा आणि मी. भिंतीपलीकडे काका आणि जनाकाकू. भिंत इतकी पातळ की काकूनं तिकडे मिरचीची फोडणी टाकली की इकडे बाला ठसका लागायचा, आणि इकडे बोललेलं वाक्य तिकडून पूर्ण होऊन परत यायचं. माय सकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायला बसली की थापण्याचा एक ठेका लागायचा. त्या ठेक्यावर ती बोलायची. दुसऱ्यांच्या घरी बाया गाणी म्हणत, आमच्या घरी माय पिक्चर सांगायची. एकच पिक्चर. मी तीन वर्षांचा असताना ती रिसोडला तिच्या भावाकडे, म्हणजे माझ्या मामाकडे गेली होती, आणि तिथं तंबूतल्या सिनेमात तिनं एक हिंदी पिक्चर पाहिला. आयुष्यातला पहिला. मामा बाहेर बैल राखत बसला होता आणि मी तिच्या मांडीवर झोपलो होतो. म्हणजे आमच्या अख्ख्या वस्तीत तो पिक्चर पाहायला गेलेली माणसं दोन, आणि त्यातलं एक झोपेत.

पिक्चरचं शहरातलं नाव वेगळं होतं. आमच्याकडे पिक्चर नावानं ओळखत नसत, त्यातल्या एखाद्या गोष्टीनं ओळखत. हा विहिरीवाला. त्यात गाणी होती, मारामारी होती, घोड्यावरून येणारा पाटील होता, पण मायच्या सांगण्यात ते सगळं दोन भाकरींत उरकायचं. तिसऱ्या भाकरीला विहीर यायची आणि थापणं थांबायचं. "थे बाई घागर घेऊन येते. उभी राह्यते. कोनी तिच्या घागरीत पानी वतत नाही. उन्ह असं की पाय भाजून राह्यले. मंग थे काय करते? कोनाले काही बोलत नाही. दोराले हात घालते. पोहरा सोडते, वर वढते. पोहऱ्याले बुडाशी भोक! धार लागली. तं तिनं त्याच्यावर आंगठा दाबला, असा, आन् दुसऱ्या हातानं पानी पेली. पोटभर पेली. उरलं थे डोक्यावर वतून घेतलं. पोहरा काठावर पालथा ठेवला आन् गेली. मागं नाही पाह्यलं." हे सांगताना तिचा पिठाचा अंगठा खरंच हवेत दाबलेला असायचा आणि तव्यावरची भाकर करपलेली असायची.

बा तिची मजा घ्यायचा. "काऊन वं, सिनेमावाल्याजवळ एवढा पैसा, त्याले धड पोहरा नाही भेटला?" मग भिंतीपलीकडून काकूचा आवाज यायचा, "सपनात पाह्यला असन जाऊबाईनं! सपनातले पोहरे फुटकेच राह्यते!" माय चिडायची नाही. म्हणायची, "पिक्चर येईन पुन्हा. मंग पाहसान." लग्न होऊन आली तेव्हा माय गावच्या विहिरीपाशी घागर घेऊन उन्हात उभी राहिलेली होती, कुणी वरून पाणी ओतेल याची वाट बघत. पुढे आम्ही बौद्ध झालो, वस्तीनं स्वतःची विहीर खोदली, ते उभं राहणं संपलं. त्या उभं राहण्याबद्दल माय जन्मात एक शब्द बोलली नाही. ती पिक्चरबद्दल बोलायची.

सातवीनंतर माझी शाळा सुटली आणि मामानं मला बाजारात ओढलं. मामा रिसोडच्या बाजारात बैलांची दलाली करायचा. रुमालाखाली बोटं धरून भाव चालायचे. वरून दोघं पावसापाण्याचं बोलत असायचे आणि खाली बोटं भांडत असायची. मामानं मला पहिल्या दिवशी जे शिकवलं ते असं: "ज्या बैलावर आपला डोळा हाय, त्याच्याकडे पाहूच नको. बाजूच्या बैलाचे दात पाह्य, शेपूट धर, त्याच्यासाठी भांड. मालकाले समजलं तुले काय पाह्यजे, की तू मेला." या एका वाक्यावर मी पुढे दुकान उभं केलं, घर बांधलं, मुलीला शिकवलं. वाशीमपासून अकोल्यापर्यंत मला सौद्यात कुणी फसवलं असेल तर त्यानं समोर येऊन सांगावं. एकदाच मी फसलो, आणि तेही याच वाक्यानं.

अठरा वर्षांचा असेन. मामाबरोबर वाशीमला गेलो होतो. भर बाजारातून टांगा चालला होता, त्यावर भोंगा आणि दोन्ही बाजूंना रंगवलेले बोर्ड. भोंग्यातला माणूस घसा फाडून ओरडत होता, "जुना पिक्चर, नवी कॉपी! ओरिजनल! संपूर्ण! बंधूंनो आणि भगिनींनो, ओरिजनल!" बोर्डावर कमरेला घागर घेतलेली बाई.  टांग्यामागं पळत मी विचारलं, "भाऊ, त्यात विहीर हाय काय?" तो भोंगा बाजूला करून म्हणाला, "हाय ना बापा! विहीर हाय, घोडा हाय, पाटील हाय, तुले काय पाह्यजे थे सगळं हाय!"

घरी येऊन सांगितलं तेव्हा माय चुलीपुढून उठली. तशीच, पिठाच्या हातांनी, भिंतीपाशी गेली आणि पलीकडे हाक मारली, "जने, आयकलं काय? विहीर आली."

"आता पाहूनच घेऊ," काकू म्हणाली.

"सगळ्याइले ने," माय मला म्हणाली. "एकीलेही ठेवू नको. जनीले तं पयले ने." पंधरा वर्षं ती सांगत होती आणि पंधरा वर्षं लोक हसत होते. तिला पिक्चर पाहायचा नव्हता. तिला तो दाखवायचा होता.

अडचण अशी की त्या पिक्चरचे खेळ सगळे संध्याकाळनंतरचे, आणि ते सुटल्यावर आमच्याकडे यायला एस.टी. नव्हती. चाळीस बाया रात्री वाशीमला कुठं ठेवणार? दुपारचा खास खेळ लावून घ्यायचा, तर मॅनेजरशी बोलणं आलं. ते पत्र्याचं टॉकीज आता पाडलं, तिथं लग्नाचा हॉल झालाय. त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर कुणीतरी आठवणीनं डोळे पुसेल, आणि ते मला सहन व्हायचं नाही. मॅनेजर खोलीत खुर्चीवर पाय घेऊन बसलेला, पानानं तोंड भरलेलं. मी बाजारातला कोरा रुमाल गळ्यात टाकून गेलो होतो.

"किती बाया आनशीन?"

"पन्नास धरा."

"धरा? कोंबड्या हाय काय धराले?" तो स्वतःच्याच विनोदावर हसला. "हे पाह्य पोट्ट्या, तीन वाजता माह्या दुसऱ्या पिक्चरचा खेळ लागते. बारा ते सव्वादोन, एवढाच टाइम हाय. पिक्चर हाय पावणेतीन घंट्याचा. काही तरी काटा लागन. दोन-तीन गानी काढतो, काय फरक पडते?"

"बोर्डावर तं ओरिजनल लिवलं."

"ओरिजनलच हाय. ओरिजनलमधूनच काटीन, दुसऱ्या पिक्चरमधून काटीन काय?"

इथं मी तोंड उघडून म्हणायला हवं होतं, साहेब, काय काटायचं ते काटा, विहिरीला हात लावू नका. एका वाक्याचं काम. पण मला मामा आठवला. मला विहीर हवी हे त्याला कळलं की तो अडवणार, पन्नासाच्या ऐवजी शंभर बाया मागणार, वर उपकार दाखवणार. शिवाय खरं सांगायचं तर लाजही वाटली. विहीरच काहून, असं त्यानं विचारलं असतं, आणि मी काय सांगणार होतो त्या पान खाणाऱ्या तोंडाला? माझी माय उन्हात उभी राहायची हे? म्हणून मी बाजूच्या बैलाची शेपूट धरली. टेबलावर हात आपटून म्हणालो, "गानी काटाची नाही! एकही गानं नाही! आमच्या बाया गान्यासाठी येऊन राह्यल्या. एक बोल कमी झाला तं टॉकीज डोक्यावर घेतीन." माझा हिशोब सरळ होता, जो गाण्यासारखी लांबलचक गोष्ट काटणार नाही तो बाकीचं काय काटेल? मी अर्धा तास भांडलो. शेवटी तो वैतागून म्हणाला, "बरं बाप्पा, गानी सगळी. गान्याचा एक बोल कमी झाला तं टॉकीजले कुलूप लाव." मी बाहेर आलो तो छाती काढून. रस्त्यानं येताना मनात मामाला दाद देत होतो.

त्या दिवशी सकाळी बाया निघाल्या. धुतलेली लुगडी, फडक्यात कळण्याच्या भाकरी, लसणाची चटणी आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा. एस.टी.चा कंडक्टर दार अडवून उभा राहिला. "कोनाचं वऱ्हाड हाय बापा?"

"विहीर पाह्याले चाललो," काकू म्हणाली.

"वाशीमले? विहीर पाह्याले? तुमच्या गावातल्या आटल्या काय?"

सगळी बस हसली. मायही हसली. ती पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसली होती, जशी मुलीकडची माणसं बसतात.

दुपारची वेळ, वर पत्रा तापलेला, आत फक्त आमच्या बाया आणि झोपायला आलेले दहा-पाच हमाल. दारांच्या फटींतून उजेडाच्या काड्या पडद्यावर पडत होत्या. बाया शेंगा फोडत होत्या, नुसतं टुक टुक टुक चाललं होतं, पायाखाली टरफलांचा सडा. पहिलं गाणं आलं, अख्खं. दुसरं आलं, अख्खं. नट्या नाचत होत्या आणि मी मांडीवर ठेका धरून म्हणत होतो, पाहा, एक बोल कमी नाही. तिसऱ्या गाण्यानंतर मायनं माझं मनगट धरलं. "आता," ती म्हणाली, आणि मग मागं वळून मोठ्यानं, "शेंगा ठेवा वं, आता विहीर हाय." टुकटुक थांबली. पडद्यावर ती बाई रिकामी घागर घेऊन वाटेला लागली. विहिरीचा काठ आला. काठावरच्या बाया आल्या. एकीनं मान वळवली. आणि पडद्याला झटका बसला, काळी रेघ उडाली, आणि तीच बाई आपल्या दारात उभी. केस ओले, लुगडं ओलं. नवरा विचारतोय, कुठं गेली होतीस?

माय उभी राहिली. "थांबा थांबा. विहीर राह्यली."

कुणीतरी खुदकन हसलं. "खाली बसा जाऊबाई, मागून दिसत नाही," काकू म्हणाली.

"अजून येईन. शेवटी असन," माय म्हणाली आणि बसली. तिचा हात माझ्या मनगटावर तसाच. पिक्चर संपेपर्यंत तो सुटला नाही. सगळी गाणी आली, मी मागून घेतलेली, प्रत्येक कडव्यासकट. दिवे लागले, बाया उठल्या, झाडूवाला टरफलं लोटत आमच्या रांगेपर्यंत आला, तरी ती पांढऱ्या पडद्याकडे बघत बसलेली. मी तिचा हात सोडवला आणि मागचा लोखंडी जिना चढून मशीनच्या खोलीत गेलो.

ऑपरेटर म्हातारा होता, बनियनवर, घामानं निथळलेला. दोन मशीनच्या मधे भिंतीला खिळे, आणि खिळ्याला फिल्मच्या पट्ट्या लटकत होत्या. मी त्याची मानगूट धरायची तेवढी बाकी ठेवली. "विहीर कुठी गेली?"

"कोनती विहीर?" तो म्हणाला. मग खिळ्याकडे बघून, "अच्छा, थे. मले मॅनेजरनं सांगितलं अर्धा घंटा कमी कर, पन गानी काटू नको, एक पोट्टा लय भांडून गेला. तो तूच काय? मंग सांग भाऊ, मी काय काटू? मारामारी काटली तं पब्लिक बाका तोडते. गानी तू धरून ठेवली. राह्यलं काय? पाटलाचं थोडं काढलं, म्हाताऱ्याचं मरन काढलं, आन् हे. एक बाई येते, पानी काढते, पिते. त्याच्यात हाय काय?"

त्याच्यात हाय काय. आज चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली, हे तीन शब्द आठवले की माझी कानशिलं तापतात. म्हातारा वाईट नव्हता. तेच जास्त वाईट. कुणी मुद्दाम, आम्हाला खिजवायला काटलं असतं तर मला भांडायला शत्रू मिळाला असता. इथं कुणाला काही वाटलंच नव्हतं. अख्ख्या पिक्चरमध्ये बिनकामाचं काय, तर हे. आणि बाकीचं सगळं कामाचं आहे असं त्यांना ठासून सांगून मीच आलो होतो.

माझा चेहरा पाहून म्हातारा जरा वरमला. त्यानं ती पट्टी खिळ्यावरून काढली आणि झरोक्याच्या उजेडात धरली. "हे पाह्य, फेकली नाही. उद्या पुन्हा जोडतो." मी पाहिलं. नखाएवढ्या चौकटी, एकाखाली एक. प्रत्येकीत ती बाई, हातात पोहरा. पोहऱ्याखाली पांढरी बारीक रेघ. धार. कात्रीनं त्यानं शेवटचे दोन तुकडे कापले आणि माझ्यापुढे धरले. "घे. दोन गेले तं पडद्यावर समजत नाही. ठेव घरी."

मी ते त्याच्या हातातून उडवले. "तुह्या मायले दाखव," म्हणालो, आणि दाराला लाथ मारून जिना उतरलो. या हातांनी मी पुढे गंजलेले स्क्रू नि वायसरसुद्धा फेकले नाहीत, डब्यात जपून ठेवले. आणि मायचा पुरावा, नखाएवढा, कुणी फुकट देत होतं, तो मी रागाच्या भरात त्या तेलकट फरशीवर पाडून आलो. राग माझ्या धंद्याच्या कामी आला असेल, पण त्या दिवशी माझ्यासारखा मूर्ख वाशीमच्या बाजारात दुसरा नव्हता.

खाली माय फाटकापाशी उभी होती, बाजूला काकू, बाकीच्या बाया जरा पुढे. "मॅनेजर लबाड निघाला," मी म्हणालो.

"म्हंजे शीन होता?" तिनं विचारलं. "काटला त्यानं? कोनी सांगितलं तुले?"

हो म्हणालो असतो, तर काहून काटला, हे आलं असतं. गाणी कुणी मागितली, हे आलं असतं. चाळीस बायांसमोर, ज्यांना मी बसमध्ये बसवून, छाती काढून घेऊन आलो होतो. मी चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकलो आणि म्हणालो, "मले काय मालूम."

परतीच्या बसमध्ये सकाळचाच कंडक्टर होता. त्यानं विचारलं, "पाह्यली काय मावशी विहीर?"  मग मागच्या सीटवरून काकू म्हणाली, "काय हो जाऊबाई, विहीर आटली वाटते तुमची!" बस अशी हसली की ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं. मी मायच्या पुढच्या सीटवर होतो. मी मागं वळून पाहिलं नाही. रिठद यायच्या आत कुणीतरी म्हणालं, "गयाची विहीर, पाह्यली तं रिकामी!" आणि झालं. आठवडाभरात वस्तीत, महिन्याभरात गावात. पावसाची थाप मारली की गयाची विहीर, नोकरीची थाप मारली की गयाची विहीर. माय भाकरी थापायची, ठेकाही तोच, पण वर आवाज नाही. एक दिवस बा स्वतःच म्हणाला, "सांग ना वं तो पिक्चर." माय म्हणाली, "कोनता?"

नंतर माझा धंदा जमला. व्हिडिओ आला तेव्हा अकोल्याहून मी त्या पिक्चरची कॅसेट आणली, वर 'ओरिजनल' छापलेलं. लावली. झटका, काळी रेघ, ओले केस. कुणीतरी अशाच एखाद्या टॉकीजच्या तुकड्यातुकड्याच्या कॉपीवरून ती उतरवली होती. दुसऱ्या दिवशी मी दुकानदाराच्या काउंटरवर ती आपटली. तो म्हणाला, "पिक्चर तर चालतो ना? गाणी सगळी आहेत." मी त्याला जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. पुढे सीडी आली, तिच्यावरही तेच छापलेलं, आतही तेच. माय प्रत्येक वेळी माझ्या घरी खाटेवर बसून बघायची, त्या झटक्यापर्यंत. मग उठून पाणी प्यायला जायची. शेवटच्या खेपेला एवढंच म्हणाली, "राहू दे रे. असन माह्यच सपन." त्या वेळी तरी मी बोलायला हवं होतं. त्याच उन्हाळ्यात ती गेली.

गेल्या वर्षी पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीनं नवी डिस्क आणली. ते लोक म्हणे जुन्या पिक्चरची पहिली रिळं शोधतात, धुतात, तुटके तुकडे जोडतात आणि जसा होता तसा पुन्हा काढतात. मी डब्याकडे पाहिलंही नाही. 'ओरिजनल' हा शब्द मला शिवीसारखा लागतो. तिनं संगणकावर लोकांची मतं वाचून दाखवली. कुणाला आवाज पातळ वाटत होता, कुणाला काळं पुरेसं काळं दिसत नव्हतं. एकानं लिहिलं होतं की विहिरीचा प्रसंग उगाच लांबवलाय, नसता तरी चाललं असतं. मी म्हणालो, त्याचा पत्ता दे. मुलगी हसायला लागली आणि मग माझं तोंड पाहून थांबली.

तिनं डिस्क लावली. विहीर होती. घागर, काठ, वळलेली मान, आणि झटका नाही. दोर. पोहरा. भोक. अंगठा. जसं माय भाकरीच्या ठेक्यावर सांगायची तसं, एकही गोष्ट कमी नाही, एकही जास्त नाही. पंधरा वर्षं रोज सांगून तिनं त्यात स्वतःचा एक थेंब घातला नव्हता. मी दुसऱ्या दिवशी मुलीचं ते यंत्र गाडीत घालून गावी गेलो. सरळ जनाकाकूकडे. ती आता पंचाहत्तरीची, जाड चष्मा, जीभ तीच.

काकूनं सगळं नीट पाहिलं. विहीर संपली तेव्हा मी तिच्याकडे बघत होतो. तिनं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"हे नवीन टाकलं," ती म्हणाली.

"काय?"

"हे विहिरीचं. आता संगनकावर काही बी करता येते, नातू सांगते माहा. तुह्या मायवर तुहा जीव, तं तू करून घेतलं असन कोनाकडून. वरिजनल म्या पाह्यला हाय, वाशीमले, ह्या डोयानं. त्यात विहीर नवती."

मी डबा तिच्यापुढे धरला. छापलेलं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "डब्याचं काय सांगतं? टांग्यावालाही तेच वरडे." मी ओरडलो. ती पण ओरडली. आयुष्यभर मी मेलेली इंजिनं जिवंत म्हणून विकली, आणि खरी विहीर मला एका म्हातारीच्या गळी उतरवता येईना. तिच्याकडे तिचं ओरिजनल होतं, आणि ते मीच तिला दाखवलं होतं. ते खोटं पाडायला आता एकच रस्ता उरला होता, आणि त्या रस्त्यावर मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं पाय ठेवला नव्हता.

मी खाली, तिच्या खाटेपाशी बसलो आणि सांगितलं. मॅनेजर, सव्वादोनची वेळ, गाणी, मामाचा बैल, ऑपरेटरचे खिळे, दोन तुकडे.

काकूनं तोंडातली सुपारी थुंकून टाकली. मग म्हणाली, "तिनं तुले फाटकापाशी इचारलं होतं. शीन होता काय म्हनून. मी बाजूलेच होती."

"हो."

"तू म्हनला, मले काय मालूम."

"हो."

"मंग म्या बसमधी थे बोलली." तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, आणि पुन्हा लावायला तिला वेळ लागला. "तू म्हनला असता तं मी काहून बोलली असती रे?"

 तिनं उत्तराची वाट पाहिली नाही.

"लाव पुन्हा," ती म्हणाली. "घागर घेऊन येते तिथून."

मी लावलं. ती बाई आली, उभी राहिली, दोराला हात घातला. पोहरा वर आला तशी काकू पुढे वाकली, आणि धार लागली तेव्हा तिनं आपला अंगठा गुडघ्यावर घट्ट दाबून धरला.

"भोक होतंच वं, जाऊबाई," ती पडद्याला म्हणाली.